मागच्या बाजूच्या दोन खोल्या

४ सप्टेंबर

एकदाची खोली मिळाली! दहा बाय नऊ. एक खिडकी, एक पलंग, भिंतीत एक कपाट. घरमालकीणबाई सत्तरीच्या, एकट्याच, काठीसारख्या ताठ. हसल्या तेव्हा कळलं की वरचे सगळे दात कवळीचे आहेत आणि रंग चक्क दोन छटा जास्त पांढरा घेतलाय. सांगायचा मोह आवरला. सोळा वर्षं कवळ्या बनवल्यावर माणसांच्या चेहऱ्याकडे बघायची रीतच बिघडते.

भाडं पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. हीटरचं बिल तिघांत सारखं वाटायचं — बाई, मी, आणि मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत राहणारे बासरीवाले मास्तर. नियम कागदावर लिहून मिळाले. स्वयंपाकघर सात ते आठ माझं. आंघोळ पाच मिनिटांत. पाहुणे नाहीत.

फोनवर नवऱ्याला आणि लेकीला खोली दाखवली. अर्ध्या मिनिटात दाखवून झाली. लेक म्हणाली, "आई, आपण तिघं यात मावणार कुठे?"

५ सप्टेंबर

मावणार नाहीच. शिवाय सरकारी कार्यालयातली बाई स्पष्टच बोलली — कुटुंबाला आणायचं तर आठ खणखणीत पगार-पावत्या आणि निदान दोन खोल्यांच्या जागेचा लेखी शब्द. मला परवडतील अशा दोन खोल्या या अख्ख्या गावात एकाच ठिकाणी आहेत, माझ्या भिंतीपलीकडे! मास्तर एप्रिलमध्ये बहिणीकडे राहायला जाणार आहेत, कायमचे. धीर करून बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आधी तुम्ही राहून दाखवा, मग बघू.

म्हणजे आता आठ महिने शहाण्यासारखं वागणं आलं. मला!

१९ सप्टेंबर

कामावर शाबासकी. चष्मेवाले, म्हणजे आमच्या कवळीशाळेचे प्रमुख, माझी कवळी उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिले. पुढचे दोन दात मी एका रेषेत लावतच नाही. एक किंचित पुढे, दुसरा केसभर तिरका. तोंडात गेले की खरे वाटतात. कुठे शिकलात, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, आमच्याकडे गिऱ्हाईक बजावून जातं, शेजारणीला कळता कामा नये. ते इतके हसले की मेणाचं भांडं सांडता सांडता राहिलं.

निघताना इथल्या भाषेत वाक्य जुळवून त्यांना म्हटलं, "येते." बाईंनाही रोज सकाळी तेच म्हणते. पहिल्यांदा त्यांनी जरा रोखून बघितलं, आता नुसती मान हलवतात. भाषेच्या वर्गाचे पैसे वसूल होताहेत.

७ ऑक्टोबर

गुणाकार बंद! आज ठरवलं. कोबीच्या गड्ड्यासमोर उभी राहून आपल्या पैशांत किती झाले ते मोजलं आणि कोबी परत ठेवला, हे तिसऱ्यांदा झालं. अशाने मी उपाशी मरेन आणि नवरा म्हणेल, कोबीपायी गेली.

८ ऑक्टोबर

कोबी घेतला. अर्धा.

२६ ऑक्टोबर

काटकसरीची मला आता चटकच लागलीय. बस सोडली, चालत पस्तीस मिनिटं लागतात आणि वाटेत एका अंगणात लठ्ठ मांजर बसलेलं असतं, त्याची विचारपूस होते. पाव संध्याकाळी साडेसहानंतर निम्म्या किमतीत. केस स्वतःच कापले. मागून कसे दिसतात ते मला दिसत नाही, म्हणून प्रश्नच मिटला. डाळ-तांदूळ महिन्याचे एकदम. पगाराचा निम्म्याच्या वर भाग घरी जातो तरी थोडे उरतात. नवरा म्हणतो, तू तिकडे खातेस काय? म्हटलं, खाते, पण कुणाला विचारून खात नाही. तो हसला. तो गरीब हसतोच कशालाही.

९ नोव्हेंबर, रविवार

नऊपर्यंत लोळले. उठून एक अंडं उकडलं आणि खिडकीपाशी उभ्या उभ्या खाल्लं. चहा अर्धाच कप, कारण मला अर्धाच आवडतो. हे मला आत्ता, एकोणचाळिसाव्या वर्षी कळलं! माहेरी आम्ही तिघी बहिणी एका खोलीत. शिकायला गेले तिथे चौघी. लग्न झालं तर पडद्यापलीकडे सासूबाई, आणि नंतर कुशीत लेक. कधी त्रास वाटला नाही, खरंच नाही. पण काल कपाटाच्या फळीवर कंगवा ठेवला होता, तो आज सकाळी तिथेच होता. मला उगाचच आनंद झाला.

दुपारी फोन. लेकीने गणितात पडता पडता वाचल्याची बातमी दिली. नवऱ्याच्या हाताला फोडणी चांगली साधायला लागलीय, असं सासूबाई म्हणतात. म्हणजे माझी उरलीसुरली किंमतही संपली.

१२ डिसेंबर

हीटरचं बिल आलं. बाईंनी जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे बघत बसल्या. मागच्या थंडीच्या जवळजवळ दुप्पट. मास्तर इथे सहा वर्षं आहेत आणि घरात नवीन फक्त मी. संशय कुणावर जाणार?

आंघोळ तीन मिनिटांत उरकायची.

१३ डिसेंबर

तीन मिनिटांत साबण निघत नाही. दिवसभर खाजत होतं.

२ जानेवारी

स्वेटर, त्यावर नवऱ्याचा जुना स्वेटर, कानटोपी, दोन पायमोजे. अशा थाटात पलंगावर बसून हे लिहितेय. खोलीतला हीटर तीन आठवडे बंद. आता बिल उतरलं नाही तर मी नाव लावणार नाही.

१४ जानेवारी

बिल आणखी चढलं.

या वेळी बाई बोलल्या. आवाज न चढवता बोलतात, ते जास्त लागतं. एका माणसाने एवढी उष्णता जाते, मग तीन माणसांनी काय होईल, मागच्या खोल्यांचा मला पुन्हा विचार करावा लागेल, म्हणाल्या. मी काय सांगणार? कानटोपी दाखवणार? वर येऊन रडले. घरी काही सांगितलं नाही. लेकीने तिच्या खोलीला कुठला रंग द्यायचा ते वहीत काढून ठेवलंय.

२३ जानेवारी

अजून हसू येतंय. आणि थोडी लाजही वाटतेय. सगळं नीट लिहून ठेवते.

सकाळी निघाले. मांजरापर्यंत पोचले आणि लक्षात आलं की जवळचा चष्मा टेबलावरच राहिला. त्याच्याशिवाय मला सुळा कुठला आणि दाढ कुठली ते कळत नाही. मागे वळले. बघते तर घराचं पुढचं दार सताड उघडं, खाली लाकडाची पाचर लावलेली! चोर शिरला असं वाटून धावले. आत बोळात बर्फासारखी हवा, हीटर बिचारा घरघर करत गल्ली तापवतोय, आणि बाई कोट-मफलर घालून खुर्चीवर बसलेल्या. चोरबीर कोणी नाही.

मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "आलात एकदाच्या," म्हणाल्या.

मी म्हटलं, दार का उघडं?

"तुम्हीच रोज सांगून जाता, येते म्हणून. हे दार लोटलं की आपोआप बंद होतं, आणि किल्ली राहिली असली तर घंटा मला आतून ऐकू येत नाही. म्हणून पाचर लावून बसते. पाऊण तास वाट बघते. मग समजते की विसरलात."

साडेचार महिने! रोज सकाळी पाऊण तास! मग मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं की आमच्यात घरातून निघताना "जाते" म्हणत नाहीत. वाईट समजतात. जायचं असलं तरी "येते" म्हणायचं.

त्यांनी ते मनात दोनदा घोळवलेलं मला दिसलं. "म्हणजे जाताना येते म्हणता. मग येताना काय म्हणता?"

"आले म्हणते."

"तेवढं तरी बरं," बाई म्हणाल्या, आणि पाचर काढून दार लावलं.

मग दोघीही हसत सुटलो. त्यांची कवळी सैल आहे, हसताना टक् टक् वाजते, त्याने मला आणखी हसू. मी म्हटलं, मला विचारायचं नाही का? तर म्हणाल्या, कामाच्या घाईत विसरत असाल, विचारलं तर ओशाळाल. आणि मी कानटोपी घालून झोपत होते! दोघी मूर्ख, पण सभ्य.

बिलातला वाढलेला भाग मी देते म्हटलं. त्या ऐकेनात, दार मी उघडं ठेवलं म्हणाल्या. शेवटी मास्तरांना वगळून आम्ही दोघींनी निम्मा निम्मा घेतला.

कामावर उशीर झाला. चष्मेवाल्यांना कारण सांगितलं तर ते गंभीर झाले. संध्याकाळी मी "येते" म्हटलं की तेही दहा मिनिटं दिवा मालवत नव्हते म्हणे.

२४ जानेवारी

दारात उभी राहून "जाते" म्हणायचा प्रयत्न केला. इथल्या भाषेतसुद्धा जीभ वळेना. फोनवर सगळं सांगितलं तर नवरा आणि लेक हसून हसून बेजार, पण मागून सासूबाईंचा आवाज आला, "काही झालं तरी तसलं म्हणू नकोस हो." बाईंनी तोडगा काढला. तुम्ही तुमचं म्हणा, मी दार लावते.

१६ फेब्रुवारी

बिल निम्म्यावर! हीटर लावून, बिनटोपीची, पाय पसरून बसलेय.

बाई कप विसळताना पाठमोऱ्याच बोलल्या. मास्तर अकरा एप्रिलला निघतील, मग भिंतींना रंग, आणि एक मेपासून खोल्या तुमच्या. भाडं मास्तर देत होते तेवढंच. मी "हो" म्हणेपर्यंत त्यांनी तोच कप तीनदा विसळला. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण नियमांच्या कागदावर ते नव्हतं.

घरी फोन केला. लेक किंचाळली. नवऱ्याचा नुसता नाक ओढल्याचा आवाज.

३० मार्च

कागदपत्रं दिली. आठवी पावती एप्रिलअखेर मिळेल, तोवर पुढचं सगळं तपासून ठेवतील. नवरा छापखान्यात राजीनामा देणार आहे. सासूबाई धाकट्या दिरांकडे राहतील, त्यांचं आधीच ठरलंय. लेकीची परीक्षा संपली की निघायचं. आठ मे! नवरा विचारतो, स्टेशनावर येशील ना? म्हटलं, नाही, पत्ता पाठवते, विचारत विचारत ये.

१२ एप्रिल

मास्तर गेले. घर एकदम शांत. त्यांच्या शिष्यांच्या बेसूर बासऱ्यांचीही सवय झाली होती मला.

२० एप्रिल

रंगारी येऊन गेला. रिकाम्या खोल्यांत फिरून कुठे काय ठेवायचं ते आखून आले. पुढच्या खोलीत लेकीचा पलंग आणि अभ्यासाचं टेबल. मागच्या खोलीत आमचं अंथरूण, नवऱ्याची पुस्तकांची खोकी, शिवणाचं यंत्र, सुटकेसा. सगळं छान मावतंय. माझ्या कंगव्याची फळी कुठे लावायची ते मात्र ठरेना. म्हटलं, बघू, कुठेतरी लावू.

२६ एप्रिल, रविवार

शुक्रवारी आठवी पावती मिळाली आणि लगेच परवानगी आली! चष्मेवाल्यांनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं. नवऱ्याला अजून कळवलं नाही. आज साडेनऊपर्यंत लोळले, अंडं खाल्लं, मग खिडकीपाशी बराच वेळ उभी होते.

२८ एप्रिल

नवऱ्याला फोन केला. सांगितलं की भिंतींना ओल निघालीय, जागा जुलैशिवाय ताब्यात येत नाही. तो म्हणाला, "बरं. तू जिवाला लावून घेऊ नकोस. आठ महिने काढलेस एकटीने, आता आणखी दोन." राजीनामा पुढे ढकलतो म्हणाला.

भिंती शनिवारीच कोरड्या झाल्यात. दोन्ही खोल्यांचं दोन महिन्यांचं भाडं मी आज बाईंना आगाऊ दिलं. एकटीसाठी.