झाड आटत नाही

एल रामोनाल, पेतेन
१२ मे २००४

प्रिय उबाल्दोदादास,

ओतिलियाचा नमस्कार. राजधानीत तू बरा असशील, दोन वेळ धड जेवत असशील. बाबांनी मला शपथ घातलीय, त्यांच्याविषयी तुला एक अक्षरही लिहायचं नाही. म्हणतात, "दार आपटून गेला ना? मग त्याला कशाला कळवायचं?" म्हणून झाडांचंच लिहिते.

हसू नकोस, पण मी जंगल मोजायला शिकतेय! गावाच्या वनसमितीने मला कासिल्दामावशीच्या हाताखाली दिलंय. तिच्याकडे एक पट्टी आहे. खोडाभोवती गुंडाळली की थेट जाडीच सांगते, गुणाकार-भागाकाराची कटकट नाही.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. मावशी म्हणाली, "छातीच्या उंचीवर मोज." मी आपली माझ्या छातीशी पट्टी धरून धडाधड आकडे सांगत सुटले. खाली खोड जाड असतं, म्हणून सगळी झाडं लठ्ठ! कोवळी महोगनीसुद्धा तोडायच्या यादीत जाऊन बसली. मावशीने कपाळावर हात मारला. "अगं बुटके, उंची सगळ्यांना एकच, एक मीटर तीस! तुझ्यापायी लेकरासारखी झाडं कापली जातील की!" आता मी तेवढी काठीच बरोबर नेते. माझ्या हनुवटीला लागते ती.

कोयत्याची पाठ खोडावर ठोकून ते आतून पोकळ आहे का, हेही ऐकायला शिकले. काय मजा येते, दादा! वरून धडधाकट दिसणारं झाड कधीकधी ढोलासारखं वाजतं. ओढ्यापलीकडच्या चिकूच्या झाडांवर बाबांनी चीक काढायला पाडलेले चिरे अजून आहेत. तिथे खोड सुजलेलं असतं, म्हणून पट्टी त्याच्या वर बांधायची.

काही झाडं दरवर्षी मोजतात. त्यातलं एक चिकूचं झाड गेल्या वर्षीपेक्षा बोटभर बारीक भरलं. मी घाबरले. मावशी म्हणाली, "झाड आटत नाही, पोरी. आकडा कमी आला तर चूक मोजणाऱ्याची. पुन्हा मोज." खरंच, मी रंगाची जुनी खूण सोडून वर मोजलं होतं. रात्री जेवताना हे सांगितलं तर बाबा केवढे हसले! मग खोकले. ताटातल्या टोर्टिया तशाच राहिल्या.

फेब्रुवारीत पट्टी पहिल्यांदा घरी आणली, तेव्हा बाबा हात वर करून उभे राहिले होते. "मलाही मोज! महोगनीत धर." मी त्यांच्या छातीभोवती पट्टी गुंडाळली. एकोणतीस सेंटिमीटर जाड भरले.

परवा रविवारी पुन्हा म्हणाले, "बघ गं, किती वाढलो." पट्टी गुंडाळली. पंचवीस.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "कमी आलं? मग चूक तुझी. पुन्हा मोज."

पुन्हा मोजलं. पट्टी सरळ धरली, कुठे पीळ नाही ना ते पाहिलं, त्यांना श्वास भरून घ्यायला लावला. पंचवीसच. मी म्हटलं, "हो, माझंच चुकलं. एकोणतीसच आहे." ते "बघ, मी म्हटलं नव्हतं?" म्हणाले आणि खाटेवर जाऊन पडले.

दादा, माझं चुकलं नव्हतं. मला फार भीती वाटते रे.

शपथ मी मोडलेली नाही. बाबांविषयी काही लिहिलं नाही, नुसतं माप लिहिलंय. पण मी नवशिकी आहे, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. पावसाने रस्ता बंद व्हायच्या आत ये आणि तूच एकदा मोज. पट्टी मावशीकडून मागून घेतलीय, दाराशीच टांगून ठेवलीय.

तुझी बुटकी बहीण,
ओतिलिया