रामाजीकाकांची वही उघडू नका

नेरडीगोंडा
१२ ऑगस्ट २०२५

मोतीराम,

सप्रेम जयभीम. तुझा गुडघा आता बरा असेल असं समजून लिहितो. नऊ वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट बाजूला टाकशील, म्हणून विनयच्या हाती देतोय. तू वाचेपर्यंत उठायचं नाही, असं त्याला बजावलंय. माझाच पोरगा आहे, बसून राहील.

इकडे सगळं ठीक. विहारामागच्या आपल्या ग्रंथसंग्रहाच्या खोलीवर यंदा नवे पत्रे पडले. निजामाच्या काळातली शाळेची पुस्तकं, जुनी पत्रकं, गाण्यांच्या वह्या, सगळं जागेवर आहे. वाळवीनं एक पान खाल्लं नाही. हे मी येईल त्याला छाती काढून सांगायचो.

गेल्या गुरुवारी हैदराबादहून एक बाई आल्या. जुने कागद टिकवायचं काम करतात. कपाट उघडलं आणि दोन पावलं मागे सरल्या. "अंदर क्या डाला है?" मी म्हणालो, नीम का पत्ता. चहा घेताना त्या म्हणाल्या, काही गावांत लोक शेतातलं कीडनाशक पुस्तकांवर टाकतात. कागद वाचतो, पण ते पानांत वर्षानुवर्षं राहतं आणि वाचणाऱ्याच्या अंगात जातं.

मोतीराम, रश्मीची तब्येत कशी आहे?

मे महिन्यात तुझी नात आली, तेव्हा दोन दिवस कपाटासमोर बसून रामाजीकाकांची वही उतरवून घेत होती. वेठीला गावातून कोणाकोणाला नेलं, ते पणजोबाच्या अक्षरात पाहून पोरगी हरखली होती. बोटाला थुंकी लावून पान उलटायची, आपल्यासारखीच. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला उलट्या झाल्या. डोकं धरून बसली. मी म्हणालो, "ऊन लागलं पोरी, कांदा हुंग." जाताना वही तिच्याच हाती दिली. तुझ्या बापाची वही तुझ्या घरी पोचली की तू माझ्याशी बोलशील, असं वाटलं होतं.

ऊनच असेल. त्या दिवशी ऊन होतंच. येताना स्टँडवर तिनं उसाचा रसही प्यायला होता. पण आता मला काही सुधरत नाही.

सहा वर्षांपूर्वी खालच्या फळीला वाळवी लागली. घरात कपाशीचं औषध उरलं होतं, पांढरी पावडर. ती मी कपाटात टाकली. वरच्या फळ्यांवरही टाकल्याचं आठवतं. काकांची वही तेव्हा कुठं होती, ते आठवत नाही. कधी वाटतं, ती मी आधीच बाजूला काढली होती. कधी वाटतं, सगळ्यात मोलाची म्हणून पहिल्यांदा तिच्यावरच टाकली. रोज वेगळं आठवतं.

नऊ वर्षांपूर्वीच तू म्हणाला होतास, हे हैदराबादला देऊ, तिथं जाणती माणसं आहेत. मी ओरडलो होतो, "आपल्या बापाची अक्षरं परक्याच्या कपाटात काऊन ठेवाची? आमी मेलो काय?" तू म्हणालास, "तुले जपता येत नाही यशवंता, तुले फक्त कुलूप लावता येते." आणि पोराकडे बेल्लमपल्लीला निघून गेलास.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून आज सकाळी रश्मीला केला. म्हणालो, "वही उघडू नको." ती म्हणे, "काऊन आबा? भूत हाय काय तिच्यात?"

मी हो म्हणालो. ती हसली. पुढचं माझ्यानं बोलवलं नाही.

वही प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेव, हात साबणानं धू. रश्मीला आजच डॉक्टरकडे ने. त्या औषधाच्या डब्यावरचं नाव या कागदामागे उतरवलंय, ते दाखव. बाईंना फोन करून कडुनिंबाच्या पाल्याचं खोटं होतं हे मी सांगतोच. वहीचं काय करायचं ते तू ठरव. कपाटाचंही तूच ठरव.

मला मात्र एवढं एकच कळव, तिला पुन्हा उलट्या झाल्या का. माझ्याशी बोलू नकोस, विनयला सांग.

तुझ्या उत्तराला भ्यालेला,
यशवंत