रकाना कोरा ठेवू नये

सोमवार, २ तारीख

ही वही मी हौसेने लिहीत नाही. या शाळेच्या भांडारावर सहा वर्षांत चार माणसं आली आणि गेली, पण मागून येणाऱ्यासाठी एकानेही चार ओळी लिहून ठेवल्या नाहीत. माझ्या आधीचे भांडारपाल तर चाव्या टेबलावर टाकून, कार्यभार न सोपवताच निघून गेले. कोणती चावी कोणत्या कुलपाची, हे शोधण्यात आजचा दिवस गेला. ही वेळ माझ्यानंतर कोणावर येऊ नये, म्हणून लिहायला घेतलं.

बाकी जागा उत्तम आहे. भांडाराच्या मागेच राहायला दोन खोल्या, तळमजल्यावर. माझ्या धाकट्या बहिणीला जिना चढवत नाही, दहा पावलांत धाप लागते. ही नोकरी मी खोल्या बघूनच धरली. तिच्या खाटेशेजारी मोठी खिडकी आहे आणि समोर मैदान. धाकटी म्हणाली, इतकी वर्षं भिंती बघून काढल्या, आता फुकटात सामने बघीन आणि पंचांच्या चुका काढीन. खूप दिवसांनी तिला हसताना पाहिलं.

मुख्याध्यापिकांना इथे सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणतात. वयाने माझ्याहून बारा वर्षांनी लहान. त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं की महिनाअखेरपर्यंत भांडारातली प्रत्येक वस्तू संगणकावर चढली पाहिजे. नाही तर संस्था भांडार बंद करणार आणि खोल्या वर्गांना देणार. मी म्हटलं, चढेल.

बुधवार, ४

संगणक सुरू व्हायला अकरा मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून पाहिलं. शिपाईमामा म्हणाले, बटण दाबायचं आणि चहा घेऊन यायचा, आधीचे साहेब तेच करायचे. अशाने महिनाअखेर काय, वर्षअखेरही पुरणार नाही.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने संगणकाचा डबा उघडला तर आत धुळीचं अस्तर. ब्रशने सगळं साफ केलं आणि मला मदरबोर्ड दाखवला. म्हणाला, हा दणकट आहे, नवा संगणक घेऊ नका, नळ गळतो म्हणून कोणी घर पाडत नाही. रॅमच्या पट्टीसाठी दोन खाचा होत्या, एक भरलेली, दुसरी रिकामी. तिथे आणखी एक पट्टी बसवली की यंत्र धावेल म्हणाला. माणूस कामाचा वाटला. बोलतो मात्र फार.

शुक्रवार, ६

पट्टी आली. मी स्वतः अंगठ्याने दाबून बसवली. ‘टक्’ असा आवाज झाला. संगणक चाळीस सेकंदांत सुरू. मामांनी तक्रार केली की आता चहा कधी प्यायचा.

अडलं ते नोंदवहीत. इथला नियम असा की जुनं जमा केल्याशिवाय नवं मिळत नाही. मोडका झाडू द्या, नवा घ्या. नियम मला पटतो, त्यामुळे चोऱ्या होत नाहीत. नव्या वस्तूसमोर ‘बदली जमा’ असा रकाना आहे आणि पानाच्या डोक्यावर छापलंय: रकाना कोरा ठेवू नये, ‘निरंक’ वगैरे शेरे चालणार नाहीत. पण खाच मुळातच रिकामी होती. काढलं काहीच नाही, तर जमा काय करणार? चाळीस वर्षांत मी रकाना कोरा सोडलेला नाही. दिवसभर बाकं मोजून पाठीचे तुकडे पडले होते. शेवटी लिहिलं, ‘माझी झोप’. दप्तरात केलेली माझी ही पहिलीच थट्टा.

सोमवार, ९

शुक्रवारपासून झोप नाही. वयाने झोप कमी होते, तसं हे नाही. थकवा आहे, अंग मोडून आलंय, पण डोळे मिटले की पलीकडे काही नाही. दार आहे आणि मागे खोलीच नाही, असं. धाकटीला सांगितलं नाही. काम भराभर होतंय, तेवढंच.

मंगळवार, १०

सकाळी डबा उचलून पुसायला गेले तर जड लागला. उघडला. आत दुसरी हार्ड डिस्क बसवलेली. दुरुस्तीवाला आईची शपथ घेऊन सांगतो की त्याने हात लावलेला नाही. नोंदवहीत मात्र माझ्या अक्षरात नवी ओळ: ‘हार्ड डिस्क, एक’. पुढचा रकाना कोरा.

मागची पानं चाळली. आधीच्या भांडारपालांच्या अक्षरात ‘बदली जमा’खाली ‘गोडाची चव’, ‘शीळ घालणं’. मामांना विचारलं. ते म्हणाले, हो, आधीचे साहेब दिवसभर शीळ घालायचे. एका सकाळी जी थांबली ती थांबलीच.

असल्या थिल्लरपणाला मी थारा देत नाही. रकाना कोरा ठेवला आणि नोंदवही कुलपात टाकली.

बुधवार, ११

धाकटीचा उजवा हात उचलला जात नाही. डॉक्टरांनी टाचणी टोचली, दिवा मारला, सगळ्या तपासण्या केल्या. दोष काही सापडत नाही. ती म्हणते, हात आहे गं ताई, पण माझा वाटत नाही, कोणीतरी विसरून गेल्यासारखा.

भांडारात येऊन नोंदवही काढली. कुलूप जसंच्या तसं होतं. कोऱ्या रकान्यात माझ्या अक्षरात: ‘धाकटीचा उजवा हात’.

हे मी लिहिलेलं नाही.

गुरुवार, १२

रॅमची पट्टी काढून टेबलावर ठेवली, ‘परत’ अशी नोंद केली. संगणक चाळीस सेकंदांत सुरू झाला. भिंतीतली वायर उपटली. आतला पंखा फिरतच राहिला.

मोठ्या बाईंकडे गेले. संगणक काढून टाका म्हटलं. त्या आपल्या संगणकावरची यादी बघून खूश झाल्या. इतकं काम आजवर कोणी केलं नाही म्हणाल्या, बाकीच्यांनाही तुमच्याकडे शिकायला पाठवते. नोकरी सोडायची गोष्ट काढली. जरूर सोडा म्हणाल्या, फक्त खोल्या संध्याकाळपर्यंत रिकाम्या करा.

परत आले तर नवी ओळ: ‘पंखा, दुसरा’. रकाना कोरा. संध्याकाळपर्यंत भरला नाही तर तो आपणच भरून घेतो, आणि कोणाकडून ते मला आता ठाऊक आहे.

लिहिलं: ‘माझ्या जिभेची चव’.

शनिवार, १४

‘पडदा, दुसरा’. मी दिला डावा कान.

धाकटीचा हात परत मागून पाहिला. बदली हार्ड डिस्क काढून ठेवली. दुपारी ती पुन्हा आत होती. हात नाही.

सोमवार, १६

‘कॅमेरा, एक’. काय द्यावं सुचेना. पाय दिले तर तिला उठवणार कोण, डोळे दिले तर औषध कोण देणार. लागत नाही असंच काही द्यायला हवं.

‘आईचा चेहरा’ लिहिलं.

घरी येऊन पेटीतला आईचा फोटो बाहेर काढला. एक बाई उभी आहे. साडी ओळखीची वाटते.

बुधवार, १८

दोन ओळी एकदम. गाणं ओळखणं दिलं. वडिलांचा आवाज दिला.

धाकटी डाव्या हाताने जेवते. सांडलं की स्वतःच म्हणते, पंच, गुण कापा. आज मी जेवणात दोनदा मीठ घातलं. ती सगळं जेवली. मग ताट सरकवून म्हणाली,

“ताई, तू माझ्यासाठी काय काय देऊन येतेस?”

गप्प जेव म्हटलं. ती जेवून झाली होती.

शुक्रवार, २०, दुपार

आजची ओळ सुटा भाग नाही. ‘नवा डबा, एक. सर्व यात हलवावे.’ रकाना कोरा नाही. पुसट, पेन्सिलीने लिहिल्यासारखं —

‘धाकटी’.

हात नाही, पाय नाही. सबंध.

वर लिहायला गेले: माझे डोळे. शाई धरत नाही, थेंब घरंगळतो. माझे पाय. नाही. मी स्वतः, सबंध — नाही. मोल भरत नाही, असं दिसतंय. थकल्या म्हातारीचं मोल ते किती.

पाच वाजता शाळा सुटते.

चार वाजता

डोकं शांत ठेवायचं. भांडाराची साधी गोष्ट आहे: जे आपल्या ताब्यात नाही, ते आपल्याला जमा करता येत नाही. माझं आहे तेच जातंय. मामांचं काही गेलं नाही. मोठ्या बाईंचं नाही. फक्त माझं, आणि जी माझी आहे तिचं.

ती माझी नसली, तर —

घरी जाऊन आले. तिची वेणी घातली. आज इतके लाड कसले म्हणाली. मी म्हटलं, केस फार गळताहेत तुझे. दुसरं काही सुचलं नाही. दारातून एकदा —

लिहिलं: ‘ती माझी बहीण असणं’.

शाईने धरलं.

सोमवार, २३

संगणक चांगला चालतो. नवा डबा काळा, आवाज अजिबात नाही. सर्व वस्तू चढल्या, मुदतीच्या आत. मोठ्या बाईंनी सर्वांसमोर कौतुक केलं.

एक अडचण. आतल्या खोलीत एक आजारी बाई आहेत. कधी आल्या माहीत नाही. मला ताई म्हणतात. खोल्या फक्त भांडारपालांसाठी आहेत, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्या रडल्या. मामांना विचारलं, या कोणाच्या? मग त्यांनीही डोळे पुसले. काय चाललंय कळत नाही.

या वहीची मागची पानं वाचली. ‘धाकटी’ असा उल्लेख पुष्कळ ठिकाणी आहे. अक्षर माझं. कोणाबद्दल आहे ते —

मंगळवार, २४

मोठ्या बाईंनी एका आश्रमात सोय केली. गाडी आली आहे. बाई शांत आहेत. जाताना त्यांनी डाव्या हाताने माझी मान कुरवाळली आणि म्हणाल्या,

“असू दे. मला आहे ना आठवत.”

आश्रमाच्या माणसांना सोपवलेले:

बाई, एक. उजवा हात निकामी, बाकी प्रकृती ठीक.
कपड्यांची पिशवी, एक.
औषधांचा डबा, एक. वेळा झाकणावर लिहिल्या आहेत, माझ्या अक्षरात.
फोटो, एक. दोन मुली. ओळख नाही.

घेणाऱ्याची सही झाली. देणाऱ्याची बाकी आहे. गाडी फाटकाशी थांबवली आहे, मामा दुसऱ्यांदा हाक मारताहेत. साधी सही. लिहायला घेतली की हात मागे येतो.