वगळलेला एक नमुना

१४ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. आम्ही इकडे मजेत. तू कशी आहेस हे विचारत नाही, कारण तू "झकास" एवढंच लिहिणार. भाऊजींना नमस्कार आणि भाचीला एक पापा, ती आता मोठी झाली म्हणून नाक मुरडत असली तरी.

आधी गोड बातमी. आमचा शोधनिबंध छापून येतोय! चार वर्षं घासली त्याचं चीज झालं. प्रयोगशाळेत नुसता दंगा चालला होता. आमच्या प्रमुख बाई, ज्या हसल्या की आम्ही घाबरून एकमेकांकडे बघतो, त्यांनी स्वतः केक कापला. लेखकांत माझं नाव पहिलं आहे, हे तू शाळेच्या शिक्षकखोलीत सगळ्यांना सांगितलंस तरी माझी हरकत नाही.

"विषय काय, तो माणसांच्या भाषेत सांग," असं तू म्हणशीलच. तर ऐक. आपल्या रक्तात राखणदार असतात, बाहेरच्या जंतूंना हाणणारे. काही जणांत ते आपल्याच यकृतावर उलटतात. कुंपणानेच शेत खावं तसं. आजार चोरपावलांनी येतो. माणूस नुसता दमतो, सांधे दुखतात, आणि तो वयाला बोल लावत बसतो. 'तो' म्हणजे बहुतेक वेळा 'ती'च. पण वेळेवर कळलं तर आजार गोळ्यांनी छान आटोक्यात राहतो. हे शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाच.

आता आमची एक खोड सांगते. अशा अभ्यासात तुलनेसाठी निरोगी माणसंही लागतात. रुग्ण बिचारे रक्त देतात. धडधाकट माणूस सुई बघून पळतो. मग आम्ही दिसेल त्याला धरतो. सफाईवाल्या मावशी, दारावरचे काका, कुणाचा नवरा, कुणाची पाहुणी. गेल्या वर्षी तू आली होतीस तेव्हा तुलाही धरलं होतं. बाही वर करून तू म्हणालीस, "घे गं, दिवसभर मैदानावर शिट्टी फुंकते मी! माझ्यासारखी ठणठणीत तुला कुठे मिळणार?" परिचारिका इतकी हसली, की दोनदा टोचावं लागलं.

नळ्यांवर नावं नसतात, नुसते आकडे. कुठला आकडा कुणाचा, हे बाईंनाच बघता येतं. राखणदार उलटलेले असतील तर सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टीवर हिरवी चकाकी दिसते. निरोगी गटातला एक नमुना असाच हिरवागार निघाला. आम्ही काचपट्टीला दोष दिला, रसायनाला दिला, तंत्रज्ञ दादाला तर जाम छळलं. पुन्हा करून बघितलं तरी हिरवाच. मग नियमाप्रमाणे तो वगळला, खाली तळटीप टाकली आणि पुढच्या कामाला लागलो.

छापण्याआधी निबंध तपासणाऱ्या कुणा भल्या माणसाने मात्र विचारलं, "त्या व्यक्तीला कळवलंत का?" कुणीच कळवलं नव्हतं. इतकी शिकलेली माणसं, पण काचपट्टीमागे कुणी माणूस आहे हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. बाईंनी आकडा ताडून बघितला. मला आत बोलावलं, दार लावलं आणि आधी खुर्चीवर बसायला सांगितलं.

ताई, तो नमुना तुझा आहे.

एवढं एक वाक्य लिहायला मी केकपासून गावभर फिरून आले. फोन केला असता तर "मला काय धाड भरलीय!" म्हणून तू तो भाऊजींच्या हातात दिला असतास. नुसत्या चकाकीवरून आजार ठरत नाही, हे मीच निबंधात लिहिलंय. नीट तपासण्या कराव्या लागतील. कदाचित काहीच निघणार नाही. पण परवा भाऊजी सहज बोलून गेले, की हल्ली तू खुर्चीवर बसून कवायत घेतेस. तू आणि खुर्चीवर! ते ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाही. मी घाबरलेय, ताई.

मंगळवारी सकाळी मी येतेय. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. शाळेत रजा टाक. भांडायचं असेल तर वाटेत भांडू, पण उपाशीपोटी, कारण रक्त द्यायचंय. दवाखान्यात डॉक्टरांना कवायत शिकवायची नाही.

यापुढे माझ्या कुठल्याच निबंधात तुला घेणार नाही. निरोगी गटात नाही आणि रुग्णांच्या गटात तर नाहीच. मला तू फक्त ताई म्हणून हवी आहेस, आणि पुष्कळ वर्षं हवी आहेस.

तुझीच,
तुझ्याशिवाय कुणालाही न घाबरणारी
धाकटी