आईच्या नावाच्या गोळ्या

४ जानेवारी

चि. भोंग्यास,

अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या खालोखाल एक धपाटा.

पाकिटावर ठरल्याप्रमाणे 'भोंगा' एवढंच लिहिलंय, म्हणजे तुझी सेक्रेटरी ते न फोडता तुझ्या हातात देईल. लहानपणी तू रडायला लागलास की अख्खी गल्ली कानांवर हात ठेवायची, त्यावरून पडलेलं हे नाव. आता त्याच आवाजासाठी लोक पैसे मोजून थेटरात बसतात. आई म्हणते, आम्ही फुकट ऐकलं तेव्हा किंमत कळली नाही.

खोक्यात लोकरी मोजे आहेत. डाव्या मोज्यात बाटली आहे, दोन महिन्यांच्या गोळ्या. बाटलीवर नेहमीसारखं आईचं नाव. माझ्या औषधाच्या दुकानात तुझं नाव लिहिलं असतं तर संध्याकाळच्या आत पेपरात गेलं असतं, म्हणून डॉक्टर मैत्रिणीच्या हातापाया पडून मी हे करून घेतलं. हे खोटं आहे, मला कळतं. पण आई घरात नसताना तू माझ्या स्वयंपाकघराच्या फरशीवर दात आवळून, डोळे पांढरे करून पडला होतास, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. शुद्धीवर आल्यावर तू पहिलं काय बोललास, तर कुणाला कळू देऊ नकोस. दुसरं मी तुझ्याकडून वदवून घेतलं. डॉक्टर मोकळं करेपर्यंत तू विमानाला हात लावणार नव्हतास.

मग रविवारच्या पुरवणीत हा फोटो कसला? चालकाच्या जागेवर बसलायस, कानांवर हेडफोन, सगळे दात बाहेर. खाली लिहिलंय की परवाच तू तासभर एकटा उडून आलास. पेपरवाले वाट्टेल ते छापतात असं तूच सांगतोस. या वेळीही त्यांनी थाप मारली, असं मला लिही. मी विश्वास ठेवीन, कारण मला ठेवायचा आहे.

आईने तो फोटो कापून फ्रीजवर चिकटवलाय. दूध काढायला गेले की आधी तुझे दात दिसतात.

लोभ आहेच, सध्या जरा आखडता घेतलाय.

तुझी
ताई


११ जानेवारी

चि. भोंग्या,

पोटभर आशीर्वाद.

माझे गुडघे बरे आहेत, निदान कालपर्यंत होते. पुढच्या महिन्यात वीस तारखेला मला पंचाहत्तर पूर्ण होतील. आजवर तुझ्याकडे मी काही मागितलं नाही, म्हणून साठलेलं एकदम मागते. मला तुझ्या विमानात बसव. इतकी वर्षं तू ते उडवतोस आणि मी ते फक्त पेपरात बघितलंय. शेजारीपाजारी मला विचारतात की कसं वाटतं वरून, आणि मी ठोकून देते.

तू स्वतः चालवणार असशील तरच बसेन, दुसऱ्या कुणाच्या हाती नको. मात्र तुला शिकवणारे ते मास्तर तिथे असू देत. मला त्यांना एकदा भेटायचं आहे. आणि अजून एक हट्ट. तोवर तू एकट्याने वर जाऊ नकोस. आता पुढची फेरी माझीच. वेडेपणा म्हण, पण एवढं ऐक.

ताईसमोर विषय काढला की तिच्या तोंडाचा रंग उडतो. म्हणते, या वयात झेपायचं नाही. परवा तिच्या दुकानात गेले होते, ती बँकेत गेली होती. तिच्या जोडीला काम करणाऱ्या बाईंनी माझ्या तब्येतीची इतकी आपुलकीने चौकशी केली, की मी आजारी आहे की काय असं मलाच वाटायला लागलं. माणसं चांगली असतात. असो.

जेवत जा. लोभ काही मागून मिळत नसतो, तरी माझ्यावर ठेव.

तुझी
आई


१७ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. धपाटा पोचला. मोजेही छान आहेत, डावा विशेष आवडला.

पेपरवाल्यांनी या वेळी खरं छापलं. गेलो होतो वर, आणि एकदाच नाही. रागावण्याआधी ऐक. सहा महिने झाले, फिट एकदाही आलेली नाही. खाली माझी काय अवस्था असते हे तू पाहिलंयस. केस कापायला बसलो की बाहेर रस्ता अडतो. जेवताना कुणीतरी फोटो काढतं, घास तोंडातच असतो. साधं औषध आणायला जाता येत नाही, म्हणून तर तुझे मोजे. वर गेलं की घरं काडेपेटीएवढी होतात आणि मला कुणीही ओळखत नाही. मी कोण आहे याच्याशी इंजिनाला देणंघेणं नसतं. चुकलो की ते माझ्यावरही गुरगुरतं. एवढी एक गोष्ट सोडली तर माझी अशी कोणती उरते, ते तूच सांग.

आणि मी बेफिकीर नाही हं. गोळीने सकाळी डोळे जड होतात, म्हणून उडायच्या दिवशी सकाळची गोळी मी घेतच नाही. बघ किती काळजी घेतो.

आईचं पत्र आलंय. तिला वाढदिवसाला वर यायचंय. तोवर मी जमिनीवर राहायचं असाही हुकूम आहे, तो पाळतोय, तेव्हा महिनाभर तू निवांत झोप. आईला मी नेणार आहे, ताई. हो म्हणून बसलोय.

रागासकट लोभ असू दे.

तुझा
भोंगा


२२ जानेवारी

चि. भोंग्यास,

आशीर्वाद. बाकी सगळं राहू दे.

गोळीचं ते वाक्य मी दुकानात उभ्याने वाचलं. समोरच्या गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध द्यायचं, ते पोटदुखीचं दिलं. बिचारा परत घेऊन आला म्हणून निभावलं. अरे मूर्खा, सहा महिने फिट आली नाही ती त्या गोळीमुळे. गोळी चुकवायची आणि वर जायचं, म्हणजे फिटला आपण होऊन बोलावणं. या गोळ्या घेणाऱ्याने मोटारसुद्धा चालवायची नसते, आणि तू गोळी न घेता विमान चालवतोस, वर मला विचारतोस किती काळजी घेतो बघ.

बाटली पाठवणं बंद करावं असं वाटलं. पण एकदम बंद केल्या तर आणखी वाईट. माझी कशी कोंडी करून ठेवली आहेस बघ.

तुझ्या मास्तरांना पत्र लिहायला घेतलं. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. त्यांना कळलं की तुझं लायसन्स जाईल, त्याने मला आनंदच होईल. पण मग आजार चव्हाट्यावर येईल, निर्माते तोंड फिरवतील, आणि खोट्या नावाने औषध दिलं म्हणून माझं दुकान बंद होईल. दुकानाचं मी शेवटी लिहिलं, पण मनात ते पहिल्यांदा आलं होतं. त्याची मला लाज वाटते.

आईला खरं सांग. सगळं ऐकूनही तिला बसायचं असेल तर मी एक शब्द बोलणार नाही. तिला न सांगता तिला घेऊन उडायचा तुला काय अधिकार आहे?

लोभ आहे, म्हणून तर एवढी चिडले आहे.

तुझी
ताई


३० जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

आईला सांगायचं नाही. बाबा गेल्यापासून तिने पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलंय, त्यात मी माझं दुखणं कालवणार नाही. त्या दिवशी गोळी घेईन, शब्द देतो. फेरी वीस मिनिटांची असेल.

मास्तरांना काही कळलं तर ते तू सांगितलंस असं मी समजेन, आणि पुन्हा तुझ्या दारात पाय ठेवणार नाही. हे नाटकातलं वाक्य नाही.

लोभाचं तुझं तू ठरव.

तुझा भाऊ


८ फेब्रुवारी

चि. भावास,

आशीर्वाद. ते तू धमकी दिलीस तरी थांबत नाहीत.

आईला मी हरतऱ्हेने घाबरवून पाहिलं. वर कान दुखतात म्हटलं, तर म्हणाली की तसंही एका कानाने कमीच ऐकू येतं. थंडी वाजते म्हटलं, तर तिने कपाटातून जाड स्वेटर काढला. तिने मऊ तळव्यांचे नवे बूट आणलेत, करड्या रंगाचे. विमानात चढताना पाय घसरायला नको म्हणून ते घालून घरात फेऱ्या मारते. काल सगळं सांगून टाकायचं म्हणून तिच्या खोलीत गेले. ती पलंगाच्या कडेला बसून नाडी बांधत होती. तुझं दुखणं तुझ्या पाठीमागे सांगायला जीभ वळली नाही. चहा हवा का विचारलं आणि परत आले.

ती इतकी का हटून बसली आहे, मला कळत नाही. आयुष्यभर जत्रेतल्या पाळण्यात बसली नाही ही बाई.

तर आता माझं ऐक. वीस तारखेला मी दुकान बंद ठेवून तुमच्याबरोबर मैदानावर येणार, आणि विमानाचं दार लागण्याआधी मास्तरांना सगळं सांगणार. मग खुशाल माझ्या दारात पाय ठेवू नकोस. तू जिवंत असावास, मग माझ्याशी जन्मभर बोलला नाहीस तरी चालेल.

तुझी
ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. कुठल्या तोंडाने लिहू ते कळत नाही, पण लिहितो.

तू वीसला येणार म्हणून मी अठरालाच आईला घेऊन निघालो. तू दुकानात होतीस. आईने टेबलावर ठेवलेली चिठ्ठी वाचून तुझं काय झालं असेल याची मला काल रात्रीपर्यंत फिकीर नव्हती. फोनवर फक्त सुखरूप आहोत एवढंच सांगितलं. पुढचं फोनवर बोलण्यासारखं नव्हतं.

मैदानावर वारा नव्हता, आकाश स्वच्छ होतं. आईला हात देऊन पुढच्या जागेवर, माझ्या शेजारी बसवलं. तिचा पट्टा बांधला. ती एकेका काट्याकडे बोट दाखवून हा काय सांगतो, तो काय सांगतो, असं विचारत होती. तेवढ्यात मास्तर तिच्या दाराशी आले. नव्या माणसाला ते नेहमी विचारतात, तसं त्यांनी हसत विचारलं की चक्कर, काही आजार वगैरे नाही ना. आईने शांतपणे सांगितलं की तिला फिट्स येतात. गोळ्या चालू आहेत, लेकीच्या दुकानात तिच्या नावावर मिळतात, हवं तर चौकशी करा.

मास्तरांचं हसू गेलं. ते तिला समजावून म्हणाले की मग नाही बसता येणार, वर असताना झटका आला आणि हात कुठल्या दांड्यावर पडला तर सगळंच संपेल. मग माझ्याकडे वळले आणि भडकले. आईला असला आजार असताना तिला इथे आणतोस, वरून पुढे बसवतोस, अक्कल गहाण टाकली आहेस का, असं बरंच बोलले. आई मान डोलवत होती. मग तिने त्यांना विचारलं की बसणाऱ्याचं एवढं, तर चालवणाऱ्यालाच हा आजार असला तर? मास्तर म्हणाले की असं कुणी जाणूनबुजून करत असेल तर तो माणूस नव्हे. आई माझ्याकडे बघत नव्हती. पट्ट्याचं बक्कल चाचपत बसली होती.

ताई, त्या वेळी मनात काय आलं ते तुलाच लिहू शकतो. मला वाटलं, सुटलो. आजचं आईच्या आजारावर निभावलं, परवा पुन्हा एकटा वर जाईन. मास्तर तिला उतरवायला लागले. तिचा पाय पायरी शोधत होता आणि मला ते करडे बूट दिसले. मग मी बोललो. आजार माझा आहे, गोळ्याही माझ्या, तिला काही झालेलं नाही.

मास्तर तिथेच चाकाजवळ खाली बसले. किल्ली मी त्यांच्या हातात दिली. ते वर कळवतील, मीच कळवा म्हटलं. सोमवारी पेपरात येईल ते मी स्वतः सांगितलेलं असेल. औषध तुझ्याकडून मी गळ घालून घेतलं हेही सांगणार आहे. तरी दुकानावर बालंट आलंच तर आपण दोघंही रिकामे, मोजे विकू.

येताना गाडी मास्तरांनी चालवली. मी मागे आईजवळ बसून रडलो. आवाज निघत नव्हता. आई म्हणाली, भोंगा बिघडला की काय.

तुझ्या दारात पाय ठेवू का? तेवढं कळव. लोभ मागायचा हक्क सध्या माझ्याकडे नाही.

तुझा
भोंगा


त्याच पाकिटात

चि. लेकीस,

अनेक आशीर्वाद.

इथे माझी बडदास्त चांगली आहे. भोंग्या आज उशिरापर्यंत झोपला होता, सकाळची गोळी मी माझ्यासमोर घ्यायला लावली.

तुझ्या दुकानातल्या बाईंनी मला विचारलं होतं की फिट्स आता कमी आहेत ना. मी हो म्हटलं, दुसरं काय म्हणणार? रस्ताभर विचार केला. मला येत नाहीत, तुला येत नाहीत, मग आपल्या घरात उरतं कोण? तुम्हाला विचारलं असतं तर दोघांनी मिळून मला गुंडाळलं असतं. तुम्ही दोघं लहानपणापासून तसेच. म्हणून हट्ट धरला. महिनाभर तो जमिनीवर राहिला, आणि तेवढ्यात आपणहून सांगेल अशी मला आशा होती. तू तरी सांगशील असं त्या दिवशी वाटलं होतं. पण तू चहाचं विचारून गेलीस.

तुझ्यावर रागावले आहे, हे आल्यावर सविस्तर सांगेन. त्याला दारात पाय ठेवू दे.

एक मात्र खरं. मला बसायचं होतं गं. पट्टा बांधल्यावर समोरच्या काचेतून एवढं मोठं आकाश दिसलं, आणि त्याने इतक्या प्रेमाने सगळे काटे समजावून सांगितले, की वाटलं तोंड उघडूच नये, काय व्हायचं ते होऊ दे. मग मास्तर आले आणि मी बोलले.

बाटली संपत आली आहे, नवी पाठव. मोज्यात घालू नकोस. आणि तिच्यावर त्याचं नाव लिही, पूर्ण.

लोभ आहे तेवढा पुरे, त्यात लपवाछपवी नको.

तुझी ठणठणीत
आई