कोटापुढचा गरुड

जून. आयडसला, म्हणजे महिन्याच्या मध्याला, सहा दिवस.
आजपासून तारखा रोमन पद्धतीनं. गुलामाला तारीख लागत नाही, सैन्याला लागते! सिसिलीच्या शेतांवरून आम्ही मालकांना सोडून पळालो, त्याला बंड म्हणतात. रोमन निशाणं हाती आली की युद्ध म्हणावं लागेल. सेनापती मानेस यांच्यापुढे यावर तासभर बोललो. मूळचे मेंढपाळ, तरी पटलं. म्हणाले, "कर मास्तर काय ते, पण आता थांब."

पाच दिवस.
गरुड तयार. रोमन पलटणीचं निशाण असतं तसा, तांब्याचा, उंच काठीवर. थ्राटा स्वयंपाकीण म्हणाली, "कोंबडी छान जमलीये." पातेलं तिचं गेलं, म्हणून जळफळाट.

चार दिवस.
रोमन अधिकाऱ्यापुढे असतात तसे, छड्यांच्या मोळ्या खांद्यावर घेतलेले सहा जण उभे केले. मोळ्या बघताच पहिली रांग मागे सरकली. अशाच छड्यांनी सगळ्यांच्या पाठी फुटल्यात. गरजलो, "आज छडी आपल्या हातात आहे!" एक म्हातारा म्हणाला, "मग जाळ की."
शिस्त यायला वेळ लागेल.

दोन दिवस.
समोरच्या टेकडीवर तटबंदीचं गाव आहे; त्या कोटातले गुलाम आपल्या बाजूचे. परवा पहाटे आम्ही दिसलो की वेस उघडणार. उघडायलाच हवी. आमचं धान्य संपलंय आणि किनाऱ्यावरून रोमन फौज निघालीये; उघड्यावर सापडलो तर संपलो. मानेस म्हणाले, गुपचूप जाऊ. मी म्हणालो, इतिहास गुपचूप जात नाही! पुढे गरुड, मोळ्या, मग मी. त्यांनी मान डोलावली. बहुधा डुलकी होती, होकार धरला.

आयडस, सकाळ.
संचलन निर्दोष. पावलाला पाऊल. वरून आधी दगड आले, मग उकळतं पाणी. आतल्यांना वाटलं, रोमन फौजच आली.
म्हणजे निशाणं किती हुबेहूब! थ्राटाला मुद्दाम सांगितलं. तिनं झारा फेकून मारला.

आयडस, दुपार.
मानेस म्हणाले, "तू बंद केलीस, तूच उघड." भिंतीखाली एकट्याला पाठवलं. भाषण चार भागांचं होतं. परवानगी एका वाक्याची. दोन्ही हात वर केले, छाती भरून घेतली : "बांधवांनो, आम्ही रोमन नाही!"
वरून एका बाईचा आवाज : "उघडू नका रे! अगदी मालकासारखा बोलतोय मेला!"
इतक्या वर्षांत माझ्या लॅटिन उच्चारांचं हे पहिलंच कौतुक.
वेस उघडली नाही.