गायत्रीच्या पाठवणीची गाडी आणि कुंकवाआडचा काटा

लोधीपुरा, बऱ्हाणपूर

ती. प्रकाशराव यांस,

धाकट्या साडूचा नमस्कार. आम्ही दोघं खुशाल. तुमचा गुडघा काय म्हणतो आणि लग्नाच्या धावपळीत सौ. लीलाताई वेळेवर जेवतात की नाही, ते कळवावे. (गुडघ्याला एरंडाचं पान बांधा. ऐकणार नाही, तरी सांगतो.)

गायत्रीच्या पाठवणीला तुम्ही भाड्याची गाडी ठरवल्याचं ऐकून फार वाईट वाटलं. ही पोर माझ्या गाडीत माझ्या मांडीवर बसून हॉर्न वाजवायची, तेव्हाच मी तिला शब्द दिला होता, की सासरी जाशील ती याच गाडीतून. तो मी मोडणार नाही. गाडी तापते असं तुम्ही चारचौघांत बोललात, ते खरंच होतं. म्हणून तर तापमानाचा मीटर आणून मी स्वतः बसवला. रेडिएटरचा वरचा पाइप कापून मधे सेन्सर घातला, तर पाणी गळू लागलं. सेन्सरला भरपूर टेप गुंडाळली, तर गळती थांबली आणि काटाही थांबला. (सेन्सर धातूला टेकावा लागतो म्हणे, मी त्याला स्वेटरच घातला होता.) सगळं सोडवून पुन्हा बसवलं. काटा हलला तेव्हा मला भरून आलं.

पण नवी वस्तू आली की मंगला आधी हळदकुंकू लावते. तिने मीटरच्या काचेवर कुंकवाचं बोट टेकवलं, ते नेमकं शंभराच्या आकड्यावर. पुसायला गेलो तर म्हणाली, "पहिली फेरी तर होऊ द्या, अपशकुन नका करू." म्हणून दोघं देडतलाईकडे निघालो. काटा सत्तर, ऐंशी, नव्वद असा चढत कुंकवाआड गेला आणि पुन्हा काही दिसला नाही. म्हणजे तापमान स्थिरावलं, असं मी धरून चाललो. (मीटरवर विश्वास ठेवायचा नाही, तर बसवायचा कशाला?) मंगला ओरडली, "अहो, बोनेटातून वाफ निघून राहिली, गाडी रोका ना!" मी तिला मीटर दाखवला. मग गाडी आपणहूनच थांबली.

तरी मी हरलेलो नाही. काच स्वच्छ पुसलीय, काटा लख्ख दिसतो आणि गाडी ठणठणीत आहे. तेव्हा त्या भाड्याच्या गाडीवाल्याला आजच नको म्हणून सांगा.

तुमचा,
जीवन

ता.क. ठणठणीत म्हणजे उभी असताना.

आणखी एक. भाड्याची गाडी इतक्यात रद्द करू नका. तिला मागे दोर बांधायला हूक आहे का, तेवढं बघून ठेवा. गायत्री बसेल ती माझ्याच गाडीत. हॉर्न अजून उत्तम वाजतो.